वेदी आणि ध्वज : नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलची वाटचाल

नागपूरच्या सदर भागात ऑल सेंट्स कॅथेड्रलची पहिली वास्तू १८५१ साली उभी राहिली, तेव्हा शहर अजून भोसल्यांचे होते. तिसरे रघूजी गादीवर होते. सत्तेची सूत्रे मात्र केव्हाच हलली होती. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, त्यानंतर टेकडीवरचा किल्ला इंग्रजांकडे गेला. १८२१ मध्ये कामठीला छावणी पडली आणि नागपुरात रेसिडेंटचा शब्द चालू लागला. या रेसिडेंटच्या भोवती जमलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या व सैनिकांच्या उपासनेसाठी हे चर्च बांधले गेले. डिसेंबर १८५३ मध्ये रघूजी वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. राज्यकर्त्यांचे चर्च म्हणून जन्माला आलेली ही संस्था पुढे स्वतंत्र देशातल्या एका भारतीय मंडळीचे जन्मस्थान कशी झाली, आणि या प्रवासात राजसत्तेची चिन्हे वेदीपासून कशी दूर होत गेली, हा तिच्या इतिहासाचा गाभा आहे.

त्या काळातल्या इंग्रजी चर्चमध्ये सत्ता आणि उपासना यांच्यात भिंत नव्हती. पलटणीची जुनी निशाणे सेवेतून निवृत्त झाली की चर्चमध्ये आणून टांगायची, ही इंग्लंडची जुनी रीत. मुंबईच्या कुलाब्यातले अफगाण चर्च पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ बांधले गेले आणि १८५८ मध्ये त्याचे समर्पण झाले. ती वास्तू एकाच वेळी देवाचे घरही आहे आणि युद्धस्मारकही. मेरठला १८५७ चा उठाव रविवारी संध्याकाळी, चर्चच्या वेळी पेटला. पुढे गोरे सैनिक बंदुका घेऊनच उपासनेला बसू लागले आणि छावण्यांतल्या काही चर्चमधल्या बाकांना बंदुका टेकवायला खाचा पाडल्या गेल्या. अँग्लिकन धर्मगुरूंपैकी अनेकांचा पगार सरकारी तिजोरीतून निघे आणि दर रविवारच्या प्रार्थनेत राणीचे नाव येई. नागपूरचे चर्च याच व्यवस्थेचा भाग होते. चर्चमध्ये राष्ट्राची चिन्हे असावीत की नसावीत, हा प्रश्न त्या पिढीला पडलाच नाही, कारण तिच्या दृष्टीने दोन्ही एकच होते.

नागपुरातल्या ख्रिस्ती जीवनाचा दुसरा प्रवाह याआधीच वाहू लागला होता. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, मराठी आत्मसात केली, गोंडांच्या बोलींचा आणि विदर्भातल्या खडकांचा अभ्यास केला. १८६३ च्या सप्टेंबरात बोरीजवळ नदी ओलांडताना ते बुडून गेले. त्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ मध्ये सुरू झाले आणि विदर्भातल्या कितीतरी पिढ्या तिथे शिकल्या. या प्रवाहातली मंडळी मराठीत प्रार्थना करी आणि तिचा सरकारी खजिन्याशी संबंध नव्हता. नारायण वामन टिळकांचा नागपूरशी आलेला संबंधही याच काळातला. ते अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने इथे राहिले होते. पुढे १८९३ मध्ये राजनांदगावच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला, आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणले, कीर्तन आणले, टाळ-मृदंग आणले. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त त्यांची गीते आजही गायली जातात. टिळकांच्या स्वदेशप्रेमाबद्दल कुणाला शंका नव्हती. वेदीशेजारी कसलेही निशाण न रोवता त्यांनी देश उपासनेत आणला, तो भाषेच्या आणि सुरांच्या वाटेने. या वाटचालीत पुढे घडलेल्या बऱ्याच गोष्टी या एका उदाहरणावरून नीट समजतात.

१८७९ मध्ये सदरातल्या वास्तूचा विस्तार झाला. त्याचा आराखडा इंग्लंडचे नामांकित वास्तुविशारद जॉर्ज फ्रेडरिक बॉडली यांचा होता. १९०३ मध्ये नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि आयर चॅटर्टन हे पहिले बिशप आले. त्याआधी हा सारा मुलूख कलकत्त्याच्या धर्मप्रांतात मोडत असे. नव्या प्रांताचा पसारा प्रचंड होता : मध्य प्रांत, वऱ्हाड, मध्य भारत आणि राजपुतान्यातली संस्थाने. चॅटर्टन तेवीस वर्षे त्या पदावर राहिले. गोंडवनाचा इतिहास आणि भारतातल्या अँग्लिकन चर्चचा इतिहास असे दोन ग्रंथ त्यांनी लिहिले. बिशपचे आसन आल्यामुळे चर्चचे कॅथेड्रल झाले. त्याच्या आसपास बिशप कॉटन स्कूलसारख्या संस्था वाढल्या आणि हळूहळू हिंदी व मराठी बोलणारे भाविकही या छताखाली येऊ लागले.

चॅटर्टन यांच्याच कारकिर्दीत ध्वजाचा प्रश्न अक्षरशः दाराशी आला. १९२३ च्या मार्चमध्ये जबलपूरच्या नगरपालिकेवर स्वराज्याचा झेंडा फडकावण्यावरून संघर्ष पेटला होता. १३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, नागपुरात चरख्याचा झेंडा घेऊन निघालेली मिरवणूक सिव्हिल लाइन्सकडे जाताना पोलिसांनी अडवली. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांचा तो भाग. तिथे हा झेंडा नेण्यास बंदी घालण्यात आली. १ मेपासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली झेंडा सत्याग्रह रीतसर सुरू झाला. रोज तुकड्या निघत आणि रोज अटका होत. जमनालालजी तुरुंगात गेले, विनोबा गेले. मग वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली. देशभरातून आलेल्या दीड हजारांहून अधिक सत्याग्रहींनी तुरुंगवास पत्करला. अखेर १८ ऑगस्ट १९२३ रोजी झेंड्यासह मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून पार झाली आणि सप्टेंबरच्या आरंभी सत्याग्रही सुटले.

या लढ्याशी कॅथेड्रलचे नाते अवघड आहे, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. ज्यांच्या बंगल्यांसमोरून झेंडा जाऊ नये म्हणून बंदी होती, त्यांच्यापैकी पुष्कळजण रविवारी सदरातल्या या बाकांवर बसत. वेदीपुढे राजासाठी प्रार्थना होई आणि त्याच शहरात एक कापडी झेंडा हाती धरला म्हणून माणसे तुरुंगात जात होती. झेंडा उचलायला किती किंमत मोजावी लागते, हे नागपूरने १९२३ मध्ये पाहिले. म्हणून या शहरातल्या कोणत्याही संस्थेला ध्वज ही निव्वळ शोभेची वस्तू मानता येणार नाही. चर्चलाही नाही.

पुढची पायरी कायद्याने आली. १९२७ च्या इंडियन चर्च ॲक्टनुसार १ मार्च १९३० पासून भारतातले अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून वेगळे झाले. कागदोपत्री हा मोठा बदल होता. मनोवृत्ती बदलायला आणखी वेळ लागला. १९३० च्या सविनय कायदेभंगाला कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन फॉस वेस्टकॉट यांनी ख्रिस्ती भूमिकेतून विरोध केला, तेव्हा त्यांना जाहीर उत्तर देणारे जे. सी. कुमारप्पा स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होते. हेच कुमारप्पा पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम करत राहिले आणि अनेकदा तुरुंगात गेले. नागपूर धर्मप्रांतातही असाच पेच आला. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून आलेले व्हेरिअर एल्विन आणि त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे १९३२ मध्ये मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेले. एल्विन गांधीजींचे स्नेही आणि काँग्रेसचे उघड समर्थक होते. नागपूरचे तत्कालीन बिशप ॲलेक्स वूड यांनी त्यांना धर्मसेवेचा परवाना दिला नाही. त्या वादात राजनिष्ठेच्या शपथेचा मुद्दा होता. वूड स्वतः चांद्याला वर्षानुवर्षे राबलेले मिशनरी होते, त्यांच्या तळमळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरीही एका सम्राटाशी निष्ठा आणि ख्रिस्ताची सेवा यांची गाठ मारली गेल्यामुळे धर्मप्रांताने एक असाधारण माणूस गमावला. १९३५ मध्ये एल्विन यांनी चर्चच सोडले. राष्ट्रनिष्ठेला श्रद्धेची अट केले की काय होते, याचे नागपूरच्या इतिहासातले इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने तिरंगा स्वीकारला. चोवीस वर्षांपूर्वी विचारही करता आला नसता, अशा रीतीने ख्रिस्ती समाजाने त्याचे स्वागत केले. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्ती होते, आणि ख्रिस्ती प्रतिनिधींनी आपल्या समाजासाठी राखीव मतदारसंघांचा आग्रह स्वखुशीने सोडला. २६ जानेवारी १९५० नंतर अँग्लिकन उपासनेतली राजासाठीची प्रार्थना गेली आणि तिच्या जागी राष्ट्रपती, शासन व देशाच्या जनतेसाठीची प्रार्थना आली. बाहेरून पाहता हा बदल नावापुरता वाटेल. वास्तविक शंभर वर्षे जे नाव वेदीपुढे घेतले जाई, ते या देशाच्या लोकांनी निवडलेले नसे. आता प्रथमच उपासक स्वतः निवडलेल्या शासनासाठी प्रार्थना करू लागला.

मात्र संशयाचे दिवस लवकरच आले, आणि तेही नागपुरातच. १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या सदस्यांत वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजातले एस. के. जॉर्ज हे गांधीवादी ख्रिस्ती प्राध्यापकही होते. १९५६ च्या अहवालाने धर्मांतराबरोबर राष्ट्रनिष्ठाही बदलते, असा संशय मांडला. ख्रिस्ती संघटनांनी या निष्कर्षाला कडाडून हरकत घेतली. अशा वातावरणात कुणालाही वाटावे की वेदीशेजारी तिरंगा उभा केला की प्रश्न मिटेल. पण निष्ठेचा पुरावा म्हणून देवघरात आणलेला ध्वज भीतीपोटी आलेला असतो, आणि भीतीने उंचावलेल्या ध्वजात ना देशाचा मान राहतो ना उपासनेचा. त्या काळातल्या ख्रिस्ती नेतृत्वाने शाळा, दवाखाने आणि सार्वजनिक चर्चा या मार्गांनी उत्तर दिले, हे शहाणपणाचे झाले. सीताबर्डीचे म्यूर मेमोरियल हॉस्पिटल आणि हिस्लॉप कॉलेज यांचे दरवाजे त्याही दिवसांत सर्व जातिधर्मांच्या नागपूरकरांसाठी उघडे होते.

याच शहरात आणखी एक संस्था आकार घेत होती. १९१४ मध्ये स्थापन झालेली नॅशनल मिशनरी कौन्सिल १९२३ मध्ये, म्हणजे झेंडा सत्याग्रहाच्याच वर्षी, नॅशनल ख्रिश्चन कौन्सिल झाली. पुढे तिचे मुख्यालय नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आले. जिथे स्वराज्याचा झेंडा नेण्यास मनाई होती, तिथून देशभरच्या प्रोटेस्टंट व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या एकत्रित कामाची सूत्रे हलू लागली आणि नेतृत्व भारतीयांच्या हाती गेले. नागपूरच्या धर्मपीठावरही जॉन सादिक यांच्यासारखे भारतीय बिशप आले.

कॅथेड्रलच्या इतिहासातला सर्वोच्च दिवस २९ नोव्हेंबर १९७० हा होय. आगमन काळातला तो पहिला रविवार. १९२९ पासून चाळीस वर्षे चाललेल्या वाटाघाटींना त्या दिवशी ऑल सेंट्सच्या आवारात फळ आले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे उत्तर भारताची मंडळी, स्थापन झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेची युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट अशा सहा मंडळ्या एक झाल्या. अमेरिकी परंपरेची मेथडिस्ट मंडळी शेवटच्या टप्प्यावर बाजूला राहिली, हे दुःख त्या आनंदात मिसळलेले होते. नागपूरपुरते पाहिले तर हिस्लॉपच्या परंपरेतली मराठी मंडळी आणि रेसिडेंटच्या दिवसांपासूनचे सरकारी चर्च, हे दोन प्रवाह त्या दिवशी एका पात्रात आले. नव्या मंडळीच्या बोधचिन्हात क्रूस आणि प्रभुभोजनाच्या चषकासोबत कमळ घेतले गेले आणि एकता, साक्ष, सेवा हे तीन शब्द ब्रीद ठरले. पलटणीच्या निशाणांपासून कमळापर्यंतचे हे अंतर काटायला एकशे एकोणीस वर्षे लागली.

चर्चमधल्या निशाणांच्या संदर्भात बॉडली यांच्या दुसऱ्या एका कामाचा उल्लेख इथे आवश्यक आहे. नागपूरच्या विस्तारानंतर काही दशकांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन नॅशनल कॅथेड्रलचा आराखडाही त्यांनीच केला. १९०७ मध्ये त्या वास्तूची पायाभरणी झाली आणि त्याच वर्षी ते वारले. त्या कॅथेड्रलमध्ये १९५३ साली यादवी युद्धातले दक्षिणेचे सेनापती ली आणि जॅक्सन यांच्या स्मरणार्थ रंगीत काचेच्या खिडक्या बसवल्या गेल्या. त्यांत गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या पक्षाचे निशाणही होते. २०१६ मध्ये निशाणाच्या काचा काढल्या गेल्या आणि २०१७ मध्ये त्या खिडक्याच उतरवल्या. साठहून अधिक वर्षे त्या निशाणाखाली काळ्या ख्रिस्ती बांधवांनीही प्रार्थना केली होती. जर्मनीत १९३३ नंतर कित्येक चर्चमध्ये स्वस्तिकाची निशाणे वेदीपर्यंत पोचली. त्याविरुद्ध मे १९३४ मध्ये बार्मेन येथे काही मंडळ्यांनी जाहीरनामा काढून ख्रिस्ताखेरीज दुसरा धनी नाकारला. तिरंग्याची या निशाणांशी तुलना होऊच शकत नाही. तो गुलामीतून सुटलेल्या लोकांचा ध्वज आहे. पण वेदीजवळ एकदा जागा मिळालेले चिन्ह चांगल्या-वाईट प्रत्येक राजवटीत तिथेच राहते आणि मग ते काढायला पिढ्या जातात, हा धडा दोन्ही देशांनी महागात घेतला.

भारतात या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहणाऱ्या, पण श्रद्धेमुळे ते न गाणाऱ्या केरळच्या तीन विद्यार्थ्यांना शाळेतून काढले गेले, तेव्हा ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना न्याय दिला. ही मुले यहोवाचे साक्षीदार या पंथाची होती. त्यांची भूमिका उत्तर भारताच्या मंडळीची नव्हे, कारण या मंडळीत राष्ट्रगीत मोकळ्या कंठाने गायले जाते. तरीही देशप्रेम सक्तीने मोजायचे नसते, हे तत्त्व त्या निकालाने सर्वांसाठी पक्के केले. ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू झाली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने ध्वज फडकावण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला. या संहितेनुसार राष्ट्रध्वज नेहमी मानाच्या जागी हवा. व्यासपीठावर तो वक्त्याच्या उजव्या हाताला किंवा त्याच्या मागे, डोक्याच्या वर असावा. दुसरे निशाण त्याच्यापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीने नको आणि ध्वजस्तंभावर कोणतेही चिन्ह नको.

खरी अडचण इथे आहे. चर्चमध्ये सर्वात मानाची जागा वेदीची आणि तिच्यावरच्या क्रूसाची. ध्वजाला त्याच्या नियमाप्रमाणे मान द्यायचा तर क्रूसाला बाजूला व्हावे लागेल. क्रूस आपल्या जागी ठेवायचा तर ध्वजाला दुय्यम जागा द्यावी लागेल, आणि ते ध्वजाला शोभणारे नाही. अमेरिकी नौदलात उपासनेपुरते चर्चचे निशाण राष्ट्रध्वजाच्या वर चढवण्याची कायदेशीर सवलत ठेवावी लागली, ती याच पेचातून. भारतातल्या मंडळ्यांनी यापेक्षा सोपी आणि अधिक सभ्य वाट काढली. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला आत उपासना होते, देशासाठी, शासनासाठी, सीमेवरच्या जवानांसाठी आणि गरिबांसाठी प्रार्थना होतात. मग सारी मंडळी अंगणात येते, ध्वजारोहण होते, राष्ट्रगीत होते. कॅथलिक चर्चमध्ये १५ ऑगस्ट हा पवित्र मरियेच्या स्वर्गारोहणाचा सणही असतो, त्यामुळे सदरातल्याच सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलसारख्या ठिकाणी त्या दिवसाला दुहेरी आनंद लाभतो. अंगणात तिरंग्याला त्याच्या वर कुणी नसलेले आभाळ मिळते आणि आत क्रूसाला त्याची एकट्याची वेदी मिळते.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंगा लावण्याची मोहीम झाली आणि रात्रंदिवस ध्वज फडकावण्याची मुभाही त्याच वर्षी मिळाली. त्यामुळे चर्चच्या आतही ध्वज लावावा का, हा प्रश्न पुन्हा पुढे येतो. प्रश्न विचारणाऱ्यांच्या भावनेचा आदर राखूनही उत्तर स्पष्ट द्यायला हवे : अंगणात जरूर, वेदीपाशी नको. हे उत्तर देशापासून दूर जाण्याचे नाही. ज्या संस्थेने राजसत्तेचे निशाण आणि राजनिष्ठेची शपथ दोन्ही जवळून पाहिली, जिच्या दाराबाहेर स्वराज्याच्या झेंड्यासाठी माणसे तुरुंगात गेली, तिने अनुभवातून मिळवलेले हे उत्तर आहे.

आज ऑल सेंट्स हे उत्तर भारताच्या मंडळीच्या नागपूर धर्मप्रांताचे कॅथेड्रल आहे. इथवरचा पल्ला एकट्या बिशपांनी गाठलेला नाही. घंटा वाजवणारे सेवक, मराठी-हिंदी गायनवृंद, रविवारच्या शाळेतल्या शिक्षिका, नोंदवह्या सांभाळणारे कारकून, वाटाघाटींच्या चाळीस वर्षांत संयम न सोडणारे सहाही मंडळ्यांचे वडीलधारे, या सर्वांचे ते काम आहे. २०५१ मध्ये वास्तूला दोनशे वर्षे होतील. तोवर झेंडा सत्याग्रहाच्या काळातल्या उपासनेच्या नोंदी, १९५० च्या बदललेल्या प्रार्थना आणि १९७० च्या एकीकरणाची कागदपत्रे एकत्र करून नागपूरकरांना पाहता येतील अशी ठेवावीत, हे धर्मप्रांताला आणि शहरातल्या इतिहासप्रेमींना आवाहन आहे. आणि विदर्भातल्या प्रत्येक मंडळी समितीला एक विनंती : येत्या २६ जानेवारीला ध्वजस्तंभ अंगणातच उभा करा, ध्वजारोहण ध्वजसंहितेप्रमाणे नीट करा, आणि त्याआधीच्या उपासनेत देशासाठी पूर्ण मनाने प्रार्थना करा.